काकूंच्या गळ्यातली पिशवी

१

पिशवीची चेन उघडली, तर काकूंच्या हातात पासपोर्टऐवजी हॉटेलच्या लाँड्रीचं दरपत्रक आलं.

जाड पुठ्ठ्याचं होतं, मधोमध दुमडलेलं, मापाला थेट पासपोर्टाएवढं. वर शर्टाचं चित्र, खाली कोटाचं, त्याखाली इस्त्रीचं. काकूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. मग पिशवी उलटी करून झटकली. केसांची एक पिन पडली, बाकी काही नाही.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना वाटलं दुसरंच कुणी बोललं.

ही पिशवी गळ्यात, कपड्यांच्या आत घालायची. साहेबांनी ती प्रवासाआधी मुद्दाम शिवून घेतली होती. साहेब म्हणजे काकूंचे यजमान. बँकेच्या दक्षता विभागात त्यांनी आयुष्य काढलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी घरचे, शेजारचे, भाजीवालासुद्धा त्यांना साहेबच म्हणायचा. परदेशात प्रवाशांना कसं गंडवतात, या विषयावर ते पहिल्या दिवसापासून सगळ्या बसला धडे देत होते. खोटा पोलीस, रस्त्यात सापडलेली अंगठी, 'आज हे बंद आहे' म्हणून दुसरीकडे नेणारा टॅक्सीवाला, खांद्यावर सॉस सांडणारी टोळी, काही म्हणून सोडलं नव्हतं. कुठूनही निघताना दारात उभं राहून ते मोठ्यानं विचारायचे, "पासपोर्ट?" आणि अख्खी बस छातीवर हात ठेवून म्हणायची, "आहे." काकूंना या प्रकाराची जरा लाजच वाटायची, पण हात त्याही ठेवायच्या.

उद्या सकाळी बाकीची मंडळी घरी परतणार होती. काकू मात्र एकट्याच पुढं, दुसऱ्या देशात लेकीकडं निघायच्या होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला बाळ हाती लागलं नव्हतं. तेव्हापासून ती फोनवर एकच सांगायची, "आई, या वेळी तू हवीस." त्या देशाचा व्हिसा त्याच पासपोर्टावर होता.

साहेब खिडकीपाशी उभे होते. त्यांनी वळून दरपत्रकाकडं पाहिलं आणि लगेच म्हणाले, "चौकातच झालं हे. ती सॉसवाली बाई."

"कुठली बाई?" काकूंनी विचारलं.

२

साहेबांनी सगळं शांतपणे सांगितलं. दुपारी मोठ्या चौकात काकू कबुतरं बघत उभ्या होत्या. मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर सॉस सांडला. तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई धावत आली, अरेरे अरेरे करत टिश्यूनं पुसू लागली. तिचा एक हात खांद्यावर, दुसरा पिशवीत. पासपोर्ट काढला आणि कळू नये म्हणून त्या जागी पुठ्ठा सरकवला. साहेबांनी तिला हाकललं, पण तोवर उशीर झाला होता.

"मला काहीच आठवत नाही हो," काकू म्हणाल्या.

"तुझं लक्ष कबुतरांत होतं. आणि नंतर तू घाबरलीस. घाबरलं की माणूस विसरतो, हे मी हजारदा पाहिलंय. तुझी ओढणी मी आल्या आल्या धुतली, बघ जा."

काकू न्हाणीघरात गेल्या. नळावर निळी ओढणी ठिबकत होती. त्या बघत राहिल्या. काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाती लागेना. आपण ही कधी घातली? घातलीच असणार, ओली आहे म्हणजे. साहेब खोटं कशाला बोलतील? हळूहळू त्यांना ती बाईसुद्धा दिसायला लागली. कडेवर मूल, हातात टिश्यू. मग ती दिसेनाशी झाली. आपल्या आईलाही शेवटी शेवटी असंच व्हायचं, हे त्यांना आठवलं. उद्या लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आपण काय दिवे लावणार होतो?

दारावर टकटक झाली. वन्सं आत आल्या.

वन्सं म्हणजे साहेबांची थोरली बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि परीक्षेच्या दिवसांत भरारी पथकावर. कॉपी करणारी पोरं त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं गार पडायची, असं म्हणत. त्यांनी भावाच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं, दरपत्रक हातात घेतलं, वास घेतला, आणि उठून खोलीतलं कपाट उघडलं.

"माझ्या कपाटात हँगरपाशी अगदी असलंच कार्ड लटकतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या कपाटात नाही. चौकातल्या बाईनं हे तुमच्या कपाटातून कसं आणलं?"

साहेब पटकन उत्तरले, "तिचा माणूस हॉटेलात असणार. खोल्यांच्या जादा किल्ल्या कुणाकडं असतात? त्या टूर लीडरकडं. पहिल्या दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले होते त्यानं. मला तेव्हाच संशय आला होता."

३

टूर लीडर चाळिशीतले गृहस्थ होते. स्वभाव गरीब, आवाज खणखणीत. नाश्त्याच्या रिकाम्या दालनात वन्संनी त्यांना समोर बसवलं, आणि काकूंना शेजारी.

"मी कशाला घेऊ हो पासपोर्ट?" लीडर म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "साहेब आत्ताच ऑफिसला फोन करतो म्हणालेत. माझ्या नावावर एकदा असा डाग लागला, तर मला बस कोण देईल? घरात मिळवणारा मी एकटा."

"जादा किल्ली तुमच्याकडं आहे?"

"नाही. रिसेप्शनवर असते. विचारा हवं तर."

वन्संनी खरंच विचारलं. रिसेप्शनवरची मुलगी चटपटीत होती, पण भाषेची अडचण. फोनमधल्या भाषांतराच्या आधारानं तिनं सांगितलं की त्या खोलीची जादा किल्ली कुणी मागितलेलीच नाही. साफसफाईवाल्यांनाही आज त्या खोलीत जाता आलं नव्हतं. दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी दिवसभर लटकत होती.

काकूंचं डोकं चक्रावलं. पाटी लावली कुणी? त्यांनी तर लावली नव्हती. की लावली होती?

"आता तू सांग," वन्संनी परत बसल्यावर काकूंना म्हटलं. "सकाळपासून. घाई नाही."

काकू सांगू लागल्या, आणि सांगता सांगता अडखळू लागल्या. उठले, चहा केला. नाही, चहा साहेबांनी केला. नाही, आधी आंघोळ. पिशवी न्हाणीघराच्या दाराबाहेरच्या खुंटीवर ठेवली, कारण आत वाफेनं सगळं भिजतं. बाहेर आले आणि गळ्यात घातली. मग नाश्ता, बस, चौक, कबुतरं. मग ती बाई आली, म्हणजे आली असावी. कडेवर मूल होतं. किंवा नव्हतं. वन्संनी परत पहिल्यापासून सांगायला लावलं, तर खुंटीवरची पिशवी तेवढी तशीच राहिली, बाकी सगळं मागंपुढं झालं.

"वन्सं, मला खरंच आठवत नाही हो. मला काहीतरी झालंय." आणि त्या रडायला लागल्या.

वन्संनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पिशवी गळ्यातून निघाली ती फक्त आंघोळीच्या वेळी. हे तू दोनदा सांगितलंस, आणि दोन्ही वेळा सारखंच सांगितलंस. बाकी सगळं तू खोडून खोडून सांगतेस. चांगलं आहे ते."

"त्यात चांगलं काय?"

 दालनाच्या दारातून डोकावणाऱ्या एका माणसाला वन्संनी बोट वाकवून आत बोलावलं. "तुम्ही या. आणि कॅमेरा घेऊन या."

४

तो फोटोवाला. धंद्यानं फोटोवाला नव्हता, त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. पण दिसेल त्याचा फोटो काढायचा त्याला नाद. जेवणाच्या ताटाचा, बसच्या चाकाचा, झोपलेल्या सहप्रवाशांचा. त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावणंही आता सोडून दिलं होतं.

"आजचे चौकातले दाखवा," वन्सं म्हणाल्या. "आणि एक सांगा, आज साहेबांनी हजेरी घेतली का? पासपोर्टाची?"

फोटोवाला हसला. "नाही ना. आज एकदाही नाही. आम्ही म्हटलं, सुटलो बुवा."

आज दारात आपण छातीवर हात ठेवलाच नव्हता, हे काकूंना आत्ता जाणवलं. इतके दिवस ज्या सवयीची लाज वाटली, ती आज नव्हती, आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

वन्सं कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकल्या. कबुतरं, कबुतरं, कारंजं, परत कबुतरं. मग काकू, हसत, हातावर दाणे घेऊन. वन्संनी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग कॅमेरा काकूंपुढं धरला.

"खांद्यावर काय आहे?"

"काही नाही. ओढणी."

"कुठली?"

काकूंनी पाहिलं. चॉकलेटी. तीच चॉकलेटी ओढणी या क्षणीही त्यांच्या खांद्यावर होती. सकाळी घातली, ती काढलीच नव्हती.

"आणि नळावर कुठली ठिबकतेय?"

"निळी," काकू म्हणाल्या. "ती तर मी उद्याच्या विमानासाठी बॅगेत वर ठेवली होती."

 वन्सं उठल्या. "चल. आता ज्यानं ती भिजवली त्याला विचारू."

५

साहेब पलंगाच्या कडेला बसले होते. फोन हातात, पण कुणाला लावलेला नव्हता.

"कबूल केलं का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"बस तसाच," वन्सं म्हणाल्या. खुर्ची ओढून त्या भावाच्या समोर बसल्या. काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या. "मला फक्त तुझी गोष्ट परत ऐकायची आहे. सॉसची."

साहेबांनी सांगितली. सॉस, खांदा, कडेवर मूल, टिश्यू, अरेरे अरेरे.

"छान," वन्सं म्हणाल्या. "मघाशी मला सांगितलीस तशीच, शब्दाला शब्द. आणि परवा बसमध्ये माइकवर सांगितलीस तशीच. तेव्हाही बाईच्या कडेवर मूलच होतं. ज्यानं स्वतः पाहिलेलं असतं तो सांगताना चुकतो, खोडतो, मागं येतो. ही बघ, हिची सगळी वही खाडाखोडीनं भरलेली आहे. तुझा पेपर मात्र एकदम स्वच्छ. असा पेपर मी एकाच प्रकारच्या पोराचा पाहिलाय."

"ताई, तू माझ्यावर संशय घेतेस?"

"कार्ड तुमच्या कपाटातलं. पिशवी गळ्यातून निघाली ती आंघोळीला, तेव्हा खोलीत तू एकटा. दारावर पाटी, म्हणजे साफसफाईवाला येऊन कपाटातलं कार्ड गेल्याचं बघायला नको. रोजची हजेरी आज नाही, कारण हिनं हात ठेवला असता तर पिशवीत काहीतरी हलकं लागलं असतं. आणि डाग पडलेली म्हणून तू जी ओढणी धुतलीस ती हिनं आज घातलीच नव्हती. ही दिवसभर तुझ्याशेजारी वावरली. बायकोनं काय घातलंय ते तू बघितलं नाहीस. जी हाताला लागली ती नळाखाली धरलीस."

साहेबांनी काकूंच्या खांद्याकडं पाहिलं. चॉकलेटी ओढणी त्यांना जणू आत्ता पहिल्यांदा दिसली. त्यांच्या चेहऱ्यावरचा साहेब हळूहळू उतरत गेला आणि मागं एक म्हातारा माणूस उरला.

"कुठं आहे पासपोर्ट?" काकूंनी विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही."

६

सकाळी काकू आंघोळीला गेल्या आणि खोलीतला फोन वाजला. रिसेप्शनवरून बोलतो, असं तो माणूस म्हणाला. काकूंचं पूर्ण नाव त्यानं सांगितलं, उद्याचं विमान सांगितलं, कुठल्या देशाला जायचंय तेही सांगितलं. व्हिसात एक नोंद राहिली आहे, तशाच गेलात तर विमानतळावर अडवतील, विमान कंपनीचा माणूस खाली आलाय, पासपोर्ट द्या, संध्याकाळपर्यंत शिक्का मारून आणून देतो.

"नाव बरोबर, विमान बरोबर," साहेब म्हणाले. "खाली गेलो तर गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस. नीट टाय बांधलेला. पावतीसुद्धा दिली."

"त्याला नाव कुठून कळलं?" काकूंनी विचारलं.

वन्सं कोपऱ्यातल्या बॅगांकडं बघत होत्या. प्रत्येक बॅगेवर साहेबांनी हरवू नये म्हणून ठळक अक्षरांत चिकटवलेली चिठ्ठी होती. नाव, हॉटेल, पुढचं विमान, सगळं. आल्या दिवशी या बॅगा लॉबीत कितीतरी वेळ उभ्या होत्या. काकूंनी वन्संच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं आणि त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही.

"हिला घाबरवायचं नव्हतं," साहेब सांगत होते. "वाटलं, संध्याकाळी परत आला की गुपचूप पिशवीत ठेवू. तोवर पिशवी रिकामी लागू नये म्हणून ते कार्ड घातलं. चौकातून आल्यावर रिसेप्शनला विचारलं, तर म्हणे आम्ही कुणालाच पाठवलं नव्हतं. मग मी..." ते थांबले. "सगळ्या बसला शिकवतोय मी इतके दिवस. काय तोंड दाखवणार होतो?"

"म्हणून लीडरच्या तोंडाला काळं फासायला निघालास," वन्सं म्हणाल्या. "दुपारी खरं बोलला असतास तर वकिलात उघडी होती. आता उद्या-परवा सुट्टी. आणि वकिलातीनं कागद दिला तरी तो घरी परतण्यापुरता. व्हिसा गेला तो गेलाच."

साहेबांनी हात जोडल्यासारखे केले. "ताई, हे आपल्यातच राहू दे. पोलिसांत चौकाचंच सांगू. पासपोर्ट तर गेलाच आहे."

 वन्संनी काकूंकडं पाहिलं. हे ठरवायचं होतं ते काकूंनी.

काकूंना राग आला होता, पण तो पासपोर्टाचा नव्हता. तो कुठला, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. "फसलात त्याचं मला काही नाही हो," त्या म्हणाल्या. "मीही फसले असते. पण संध्याकाळपासून मला वाटतंय की माझं डोकं गेलं. मी ती बाई आठवत बसले होते. मला ती दिसायलाही लागली होती. तुम्ही समोर बसून बघत होतात, आणि सांगत होतात, तू विसरलीस."

साहेबांची मान खाली गेली. 

"चला खाली," काकू म्हणाल्या. "लॉबीत सगळे बसलेत. लीडरना सगळ्यांसमोर सांगा."

७

साहेबांनी सांगितलं. उभं राहून, हातात माइक नसताना, अडखळत, दोनदा मागं जाऊन. लीडर खुर्चीत मटकन बसले आणि रुमालानं तोंड पुसू लागले. कुणीच हसलं नाही. साहेबांना त्याचंच जास्त लागलं असावं.

मग फोटोवाल्यानं घसा खाकरला. "आम्हालाही सकाळी फोन आला होता," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "बिलासाठी बँकेचं कार्ड तपासायचंय म्हणाला. मी खाली जाऊन दिलं. टायवालाच होता."

त्याची बायको त्याच्याकडं बघतच राहिली. "आणि मला म्हणालात, घरी विसरलं."

लीडर ताडकन उठले. आता त्यांच्या अंगात बळ आलं होतं. दोन प्रवासी, एकच माणूस, आणि लॉबीच्या कोपऱ्यात छताला कॅमेरा. चौकातली गोष्ट सांगितली असती तर पोलीस कबुतरांत शोधत बसले असते. रिसेप्शनवरच्या मुलीनं सकाळचं चित्रण काढून दिलं आणि पोलिसांना फोन लावला. टायवाल्याचा चेहरा त्यात स्वच्छ होता. पोलीस म्हणाले, हा आम्हाला हवाच आहे. पण पासपोर्ट केव्हा मिळेल, मिळेल की नाही, याबद्दल ते काही बोलले नाहीत. वन्संनी उद्याचं आपलं विमान रद्द करायला सांगितलं. भावजयीला सोडून त्या जाणार नव्हत्या.

आता लेकीला कळवायचं राहिलं होतं. काकूंनी फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला.

"तुम्ही सांगा."

साहेब बोलले. चौकाचं नाव काढलं नाही. "मीच दिला गं," ते म्हणाले. "माझ्या हातानं दिला. आणि तुझ्या आईशी खोटं बोललो."  मग त्यांनी फोन काकूंपुढं धरला.

"आई," लेक म्हणाली, "म्हणजे उद्या नाही?"

"उद्या नाही, बाळा."

"मग कधी?"

काकूंना काहीतरी बरं वाटेल असं सांगता आलं असतं. दोन दिवसांत, चार दिवसांत. संध्याकाळपासून त्यांनी तसलंच ऐकलं होतं.

"बाळ झाल्यावर," त्या म्हणाल्या. "त्याआधी नाही जमणार मला."

लेक रडायला लागली. "मला खूप भीती वाटतेय आई."

"वाटू दे," काकू म्हणाल्या. "मलाही वाटतेय. तू फोन ठेवू नकोस. नुसती बोलत राहा माझ्याशी."

त्या सोफ्यावर बसल्या, पाय वर घेतले आणि फोन कानाशी घट्ट धरला. साहेब समोर उभे होते. सोफ्यावर जागा होती, पण ते बसले नाहीत, आणि काकूंनीही त्यांना बसा म्हटलं नाही.